ढगेबाईंचे तीन भाडेकरू

ढगेबाई माणसांना अरे-तुरे करतात आणि संगणकाला अहो-जाहो. वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्या टायपिंग क्लासावरून जाताना आतून "काऊन हो, आज उठाचं मन नाई का तुमचं?" असं ऐकू आलं, तर नवख्याला वाटतं आत कुणी वडीलधारं माणूस झोपलेलं आहे. आम्हाला कळतं की तीन नंबरची मशीन सुरू व्हायला वेळ लावते आहे. तेवढ्यात दारात सरपंच जरी उभे राहिले तरी बाई मान न वळवता म्हणतात, "तू थांब तिकडं." आणि सरपंच थांबतात, कारण टायपिंग तेही इथेच शिकले.

बाईंचं वय आता पासष्टच्या पुढे असेल. बारीक अंगकाठी, सुती साडी, त्यावर उन्हाळ्यात डोक्याला गुंडाळलेला पांढरा दुपट्टा. क्लासच्या चौकटीला दोरीनं बांधलेलं नखं कापायचं यंत्र लटकत असतं. आत येणाऱ्यानं आधी हात दाखवायचे, नख दिसलं की तिथेच उभं राहून कापायचं, मग पाऊल टाकायचं. लग्नाच्या आदल्या दिवशी मेंदी आणि वाढवलेली नखं घेऊन आलेल्या एका मुलीला त्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं. आठ दिवसांनी ती नवऱ्याला घेऊन आली. बाईंनी आधी नवऱ्याची नखं तपासली.

माऊसला बाई उंदीर म्हणतात आणि उंदराला क्लासात जागा नाही. सगळे माऊस त्यांनी स्टीलच्या एका डब्यात घालून झाकण लावून ठेवले आहेत. टायपिंगच्या परीक्षा संगणकावर व्हायला लागल्या तेव्हा त्यांनी जुन्या मशिनी आणल्या. नेहमीची रंगीबेरंगी प्रणाली त्यावर चालेना. मग त्यांच्या भाचीच्या नवऱ्यानं नागपूरहून येऊन लिनक्स टाकून दिलं आणि तो जेवून निघून गेला. पुढचं बाई एकट्या शिकल्या. लिनक्समध्ये टर्मिनल नावाची एक काळी खिडकी असते. तिथे चित्रांवर टिचक्या मारायच्या नसतात, हुकूम लिहायचा आणि संगणकानं तो ऐकायचा. चाळीस वर्षं बोटांवर जगलेल्या बाईला आणखी काय हवं? त्यांनी ती काळी खिडकी उघडली आणि पुन्हा मिटलीच नाही.

फक्त इंग्रजी हुकमांची नावं त्यांच्या जिभेवर बसेनात, म्हणून त्यांनी त्यांचं बारसं केलं. अधिकार दाखवून काम करवून घ्यायचा हुकूम सुडो, तो झाला सुदाम. पडद्याची लांबी-रुंदी ठरवणारा एक्सरँडर, तो रणधीर. आणि कुठल्याही हुकमाची सगळी माहिती देणारा मॅन, तो मनोहर. "मनोहर लय बोलते," बाई सांगतात, "पण खोटं नाई बोलत."

दिवसभर क्लासातून हीच नावं ऐकू यायची. रणधीर ऐकून नाही राह्यला, सुदामले पुढं कर, मनोहरले विचारून पाहा. समोरच्या चहावाल्याची खात्रीच पटली की बाईंनी मागच्या खोलीत तीन भाडेकरू ठेवले आहेत. मतदार यादीचं काम करणारे गुरुजी दारावर आले तेव्हा त्यानं त्यांना तसं सांगितलंही. गुरुजींनी वहीत रणधीर, सुदाम, मनोहर अशी तीन नावं लिहून घेतली आणि वडिलांची नावं विचारायला ते बाईंकडे गेले. बाईंनी त्यांना खुर्चीवर बसवून काळ्या पडद्यावर तिघांची रीतसर ओळख करून दिली. गुरुजी तासाभरानं बाहेर आले ते महिन्याची फी भरूनच.

मी बाईंची विद्यार्थिनी. संध्या म्हणून हाक मारणारी माणसं पुष्कळ आहेत, पण "संध्ये" म्हणणाऱ्या बाई एकट्याच. आम्ही शिकायचो तेव्हा टाईपरायटर होते. बोटांकडे बघून टाईप करणाऱ्याच्या हातांवर बाई आपला दुपट्टा टाकायच्या. मग कापडाखाली चाचपडत, घाम गाळत ओळ पुरी करायची. चुकलं तर त्या ओरडायच्या नाहीत. नुसतं म्हणायच्या, "बोटाले माहीत हाय. तूच मधात येतं." या त्यांच्या वाक्याचा मला त्या वेळी फार राग यायचा.

आज मी इथल्या सार्वजनिक वाचनालयाची ग्रंथपाल आहे. आता घडलं ते सांगते.

आमच्या वाचनालयाची जुनी दाखल-रजिस्टरं वाळवीनं खाल्ली. पुस्तकं बचावली, यादी गेली. मग मी एकेक पुस्तक हातात घेऊन, मागचं पान उलटून, तीन वर्षं खपून सगळी यादी मराठीत संगणकावर चढवली. क्लासातलीच एक जुनी मशीन बाईंनी त्यासाठी दिली होती. सात हजारांवर पुस्तकं. त्या यादीची दुसरी प्रत काढायला हवी होती हे मला कळत होतं, आणि उद्या काढू म्हणत मी ती काढली नव्हती, हेही इथे कबूल करते.

वाचनालयाचा दर्जा ठरवायला तपासणी पथक येणार होतं. दर्जा घसरला असता तर अनुदान अर्ध्यावर आलं असतं आणि सकाळचा वाचनकक्ष बंद करावा लागला असता. आमचे सचिव येवलेकाका म्हणजे भाजीपाला पिकवणारे सरळ शेतकरी. वांगी आणि टमाट्याइतकंच त्यांचं वाचनालयावर प्रेम. साहेबांना यादी मोठ्या पडद्यावर दाखवावी म्हणून आदल्या दिवशी त्यांनी घरचा टीव्ही हातगाडीवर घालून आणला, जोडला, माझ्या नकळत पडद्याच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळ्यात मोठा आकडा निवडला आणि चित्र झकास आलं म्हणून खूष झाले. संध्याकाळी काकूंच्या मालिकेची वेळ झाली, तसा टीव्ही घरी परत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुना मॉनिटर जोडला. काळा. त्यावर एक छोटी चौकट तरंगत होती आणि तिच्यात इंग्रजीत लिहिलं होतं, मर्यादेबाहेर. संगणक आतून टीव्हीएवढं चित्र पाठवत होता आणि म्हाताऱ्या मॉनिटरला ते पेलत नव्हतं. चित्र लहान करायचं तर सेटिंग उघडायला हवं, आणि सेटिंग दिसायला पडदा हवा.

टीव्ही परत आणायचं म्हणाल तर काकूंनी तो सकाळीच मुलीकडे कारंजा घाडगेला पाठवून दिला होता, नातवाच्या वाढदिवसाला. वर्ध्यातल्या दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, ताई, आणून द्या, सगळं पुसून नवीन टाकून देतो. पुसून हा शब्द ऐकला आणि मी फोन कापला. तीन वर्षं माझ्या डोळ्यांसमोरून गेली. मी बाईंना फोन लावला. काय झालं ते त्यांनी पुरतं ऐकून घेतलं, मशीनला कुणी काही बोललं तर नाही ना एवढंच विचारलं आणि फोन ठेवला.

बाई पोचायच्या आधी पथक पोचलं. दिलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी. एक गंभीर चेहऱ्याचे साहेब आणि त्यांच्यासोबत फायली सांभाळणाऱ्या एक मॅडम. येवलेकाकांनी त्यांना पाणी दिलं, चहा दिला, मग पुन्हा पाणी दिलं. साहेबांनी यादी मागितली. मी काळ्या पडद्यासमोर उभी होते. यादी यात आहे, एवढंच मी म्हणू शकले. साहेबांनी त्या तरंगत्या चौकटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात बाई आल्या. डोक्याचा दुपट्टा सोडत त्या सरळ संगणकापाशी गेल्या. साहेबांकडे त्यांचं लक्षही नव्हतं. "नमस्कार," त्या मॉनिटरला म्हणाल्या. "लय त्रास दिला तुम्हाले या लोकाईनं."

खुर्ची बुटकी होती, म्हणून त्यांनी माझ्याकडून शब्दकोशाचे दोन जाड खंड मागवले आणि त्यावर बसल्या. साहेबांच्या भुवया वर गेल्या. मग बाईंनी पंखा बंद करायला सांगितला. बटणांचा आवाज नीट ऐकू यायला हवा होता. मे महिन्यात वर्धा जिल्ह्यात पंखा बंद करा असं सांगणं सोपं नसतं, पण येवलेकाकांनी निमूट बटण खाली केलं. बाईंनी मनगटं टेकवली, बोटं आपापल्या घरांवर ठेवली आणि डोळे मिटले.

पडदा दिसत नसला तरी संगणक आत जागा होता. म्हणजे आंधळेपणानंच टर्मिनल उघडायचं, उघडलं हे गृहीत धरायचं आणि रणधीरला अख्खा हुकूम न बघता लिहून द्यायचा. कोणत्या तारेवर, किती रुंद, किती उंच. एक अक्षर चुकलं, एक जागा जास्तीची सुटली की रणधीर ऐकणार नाही, आणि ऐकलं नाही हे कळायलाही मार्ग नाही. बाईंची बोटं चालायला लागली. खोलीत दुसरा आवाज नव्हता. शेवटचं बटण दाबून त्या थांबल्या.

चौकट तरंगतच राहिली.

त्यांनी पुन्हा लिहिलं, तितक्याच शांतपणे. चौकट तशीच. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मॅडमनी फाईल मिटली. येवलेकाका खिडकीबाहेर बघत पुटपुटत होते, बहुधा त्या टीव्हीला शिव्या देत असावेत. मला वाटलं, संपलं.

बाईंनी डोळे उघडले नाहीत. "संध्ये," त्या म्हणाल्या, "आज सुरू केल्यावर मॉनिटर काळा दिसाच्या आधी तू काही टाईप केलं का?"

आज काहीच नाही, पण मशीन मी रात्री बंदच केली नव्हती, असं मी सांगितलं. मग काल शेवटचं काय टाईप केलं, असं त्यांनी विचारलं. मी आठवलं. भाजीपाला लागवडीवरचं एक पुस्तक चढवलं होतं, येवलेकाकांनीच दिलेलं.

"मराठीत?"

"मराठीतच."

बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. त्या मॉनिटरकडे तोंड करून म्हणाल्या, "माफ करजा. मी इंग्रजीत बोलून राह्यली आणि तुम्ही मराठीत ऐकून राह्यले."

कीबोर्ड मराठीवर होता. बाईंनी दोन वेळा अगदी अचूक लिहिलेला हुकूम आत काना-मात्रांचा चिवडा होऊन पडला होता. त्यांनी भाषा बदलायची दोन बटणं एकत्र दाबली, बोटं पुन्हा घरांवर आणली आणि तिसऱ्यांदा लिहिलं. रणधीर, मॉनिटरच्या निळ्या तारेवर, रुंदी हजार चोवीस, उंची सातशे अडुसष्ट. या वेळी त्या प्रत्येक अक्षर ओठांत म्हणत होत्या. शेवटचं बटण दाबलं.

चौकट नाहीशी झाली. पडदा पूर्ण काळा झाला, एक क्षण, दोन क्षण. मग मॉनिटरनं आतून टक् असा आवाज केला आणि उजेड आला. मधोमध काळी खिडकी होती, तिच्यात चिवड्याच्या दोन ओळी आणि खाली एक स्वच्छ, बिनचूक हुकूम. खिडकीच्या मागे माझी यादी. सात हजार पुस्तकं, जिथल्या तिथे.

येवलेकाकांनी टाळ्या वाजवल्या आणि मग आपण एकटेच वाजवतो आहोत हे पाहून पंखा सुरू केला.

साहेब मात्र कामाला पक्के होते. त्यांनी विचारलं, वाळवीनंतर बालविभागात किती पुस्तकं आली, लेखकवार सांगता येईल का? माझ्या पद्धतीनं हे काढायला दुपार गेली असती. बाईंनी काळ्या खिडकीत एक लांबलचक ओळ लिहिली आणि पडद्यावर लेखकांची नावं अकारविल्हे खाली उतरायला लागली. साहेबांच्या हातातलं पेन तसंच राहिलं. मॅडमनी फाईल पुन्हा उघडली.

मग साहेब अहवाल लिहायला आपला लॅपटॉप घेऊन बसले. दोन बोटांनी, बटणांकडे बघत, एकेक अक्षर शोधत. बाई शब्दकोशांवर बसून हे बघत होत्या. मला त्यांच्या चेहऱ्यावरून पुढचं दिसलं, पण मी काही करायच्या आधीच त्या उठल्या, साहेबांच्या मागे गेल्या आणि आपला दुपट्टा त्यांच्या दोन्ही हातांवर टाकला.

येवलेकाकांनी डोळे मिटून घेतले.

"पाहू नको," बाई म्हणाल्या. "बोटाले माहीत हाय. तूच मधात येतं."

साहेबांनी मान वर केली. तपासणीचा अधिकारी आपल्या हातांवर पडलेल्या पांढऱ्या कापडाकडे बघत राहिला. मग ते हळूच ताठ बसले, जसे आम्ही बसायचो, आणि त्यांनी कापडाखाली चाचपडत वाचनालयाचं नाव लिहिलं. एकच चूक झाली. बाईंनी ती दाखवली, त्यांनी दुरुस्त केली. दर्जा कायम ठेवण्याची शिफारस साहेबांनी दुपट्ट्याखालीच टाईप केली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. निघताना त्यांनी क्लासची वेळ विचारली. बाईंनी आधी त्यांची नखं पाहिली.

त्या रविवारी येवलेकाकांनी पिशवीभर वांगी दिली आणि मी ती घेऊन बाईंच्या घरी गेले. इतकी वर्षं क्लासच्या खोलीपलीकडे मी कधी गेले नव्हते. मधलं दार उघडं होतं. आत ढगेकाका बसले होते. आयुष्यभर किराणा दुकान चालवलेला हा माणूस गावात हल्ली दिसत नव्हता, आणि का दिसत नव्हता हे आम्ही कुणी विचारलंही नव्हतं. ते एका मॉनिटरला जवळजवळ नाक टेकवून, मान तिरपी करून बसले होते. पडद्यावर काळ्यावर पिवळी अक्षरं होती. तळहाताएवढी एकेक. एका ओळीत जेमतेम दोन शब्द मावत होते.

बाई थोड्या अवघडल्या. मग त्यांनीच सांगितलं. काकांच्या नजरेचा मधला भाग गेला आहे, कडेनं थोडं दिसतं, तेही काळ्यावर पिवळं आणि असं मोठं असेल तर. चाळीस वर्षं दुकानात गल्ल्यावर बसून पेपर वाचणारा माणूस. वाचून दाखवलेला त्याला चालत नाही, ऐकताना आपण अडाणी झालो असं वाटतं. म्हणून बाई रोज पहाटे उठून पेपरातल्या बातम्या टाईप करतात आणि काका दिवसभर स्वतः वाचतात. रणधीर, मनोहर आणि त्या काळ्या खिडकीतले सगळे रंग बाईंनी कशासाठी शिकून घेतले होते, ते मला त्या खोलीत कळलं. मी वांग्यांची पिशवी पुढे केली.

काका माझा आवाज ऐकून खूष झाले. "तुमच्या वाचनालयाची बातमी आली आज पेपरात," ते म्हणाले. "ग्रंथपालाच्या मेहनतीनं दर्जा कायम राह्यला म्हणून. तुझं पूर्ण नाव हाय, पाह्य. ढगेबाईच्या हाताखाली शिकली असं नाई छापलं त्याईनं, ते राहून गेलं."

तोच पेपर मी सकाळी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला होता. त्यात आमची एक ओळही नव्हती. मी बाईंकडे पाहिलं. ज्या बाईंनी मला कधी बरं टाईप केलं एवढंसुद्धा म्हटलं नव्हतं, त्या पिशवीतली वांगी मोजल्यासारखं करत होत्या. मग चहा ठेवते म्हणून आत गेल्या.

आतून भांड्यांचा आवाज आल्यावर काका माझ्या बाजूला झुकले.

"दोन वर्षं झाले," ते हळू म्हणाले, "या पेपरात वर्ध्याचं कोणीच मरून नाई राह्यलं. माझ्या सोबतीचे चार जण गेले, ते मले फोनवर समजलं. पावसाची बातमी तर दर आठ दिवसाले चांगलीच राह्यते." ते हसले. "मले समजते सगळं. पण तिले सांगू नको. पहाटपासून बसते बिचारी."

मी मान हलवली. ती त्यांना दिसली नसावी, म्हणून हो म्हणाले.

बाई चहा घेऊन आल्या. काय बोलून राह्यले होते, असं त्यांनी विचारलं. काही नाही, पुढचं पान लाव, असं काका म्हणाले. बाईंनी कप ठेवले आणि त्यांच्या खांद्यावरून हात पुढे नेऊन एक बटण दाबलं. पिवळ्या ओळी वर सरकल्या, नव्या आल्या. काका मान तिरपी करून, एकेक शब्द जुळवत मोठ्यानं वाचायला लागले. बाई त्यांच्या पाठीमागे उभ्या होत्या. त्यांची नजर पडद्यावर नव्हती, काकांच्या चेहऱ्यावर होती, आणि चहा निवत चालला होता.